कॉलरच्या आतल्या गाठी

थंडीची खरेदी करायची, तर आधी घरातलं प्रत्येक कपाट पलंगावर रिकामं झालं पाहिजे, हा त्या घरातला कायदा नवा होता आणि तो नव्या सुनेने केला होता. जुना कायदा सोपा होता. गार वारा सुटला की बाजारात जायचं, काहीतरी घेऊन यायचं, आणि घरी आल्यावर तसलंच एक आधीपासून पडलेलं सापडायचं. त्यावर थोडा वेळ भांडण, मग चहा. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

पण सून एका मोठ्या रुग्णालयाच्या कपड्यांच्या कोठारावर होती. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे झगे, रुग्णांचे सदरे, सगळं तिच्या हाताखालून जायचं. तिथली शिस्त तिच्या हाडीमाशी भिनलेली. जेवताना नवऱ्याने सहज म्हटलं, "मला यंदा जॅकेट घ्यायचंय," तेव्हा तिने ताटावरून मानही वर न करता सांगितलं, "आधी मोजणी, मग मागणी."

नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. अडकलेल्या माणसांना धीर देत बाहेर काढायची सवय होती, पण स्वतः अडकला की त्याला काही सुचत नसे. दुसऱ्या दिवशी त्याचं कपाट पालथं झालं आणि मागच्या थंडीत चोरीला गेलं म्हणून त्याने ज्याच्यासाठी ऑफिसातल्या तिघांवर संशय घेतला होता ते जॅकेट उशांच्या मागून निघालं. खिशात अर्धं बिस्कीट होतं. जॅकेटची मागणी तिथेच निकालात निघाली आणि त्या तिघांची माफी मागायचं नवीन काम मागे लागलं.

"आता बाबांचं कपाट," सून म्हणाली.

बाबा म्हणजे तिचे सासरे. ते घड्याळजी होते. बाजारात त्यांचं छोटंसं दुकान होतं, आणि बाजार त्यांना घड्याळांपेक्षा कपड्यांसाठी ओळखायचा. टापटीप म्हणजे किती टापटीप असावी? शर्टाचा रंग पँटला, पँटचा मोज्याला, आणि या सगळ्यांचा मिळून कोटाला साजेसा. शेजारचा चष्मेवाला, जो त्यांचा जिवलग होता आणि कपड्यांचा त्यांच्याइतकाच हौशी, तो दर थंडीला त्यांना विचारून मगच खरेदीला जायचा. "रंगाची जाण असावी तर याच्यासारखी," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा.

आता खरी गोष्ट अशी की घड्याळजींना रंग कळत नसत. काळा-पांढरा, फिका-गडद इतपत ठीक. पण हिरवा, तांबडा आणि तपकिरी हे त्यांना सख्ख्या भावांसारखे दिसत, निळा आणि जांभळा तर जुळेच. ही गोष्ट जगात फक्त एका माणसाला ठाऊक होती, ती म्हणजे त्यांच्या बायकोला. मुलाला नाही, मुलीला नाही, आणि बाकड्याला बाकडं लावून बसणाऱ्या चष्मेवाल्याला तर मुळीच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

बायकोला कळलं त्याचीही एक कथा आहे. लग्नाआधी ती त्यांच्या दुकानात मनगटी घड्याळाला नवा पट्टा लावायला आली होती. अंगातल्या कपड्यांना शोभेल असा लाल पट्टा हवा म्हणाली. घड्याळजींनी खणातून एक पट्टा काढला, झोकात लावला आणि म्हणाले, "अगदी तुमच्या कपड्यांचाच रंग." पट्टा हिरवागार होता. तिने तो मुकाट्याने मनगटावर घातला आणि पुढच्या आठवड्यात काही कारण काढून पुन्हा आली. इतक्या ठामपणे चुकणारा माणूस तिने आधी पाहिला नव्हता, असं ती पुढे सांगायची.

लग्नानंतर एकदा नवे कपडे घालून ती त्यांच्यापुढे उभी राहिली. "मला कसा दिसतो हा रंग?" घड्याळजी म्हणाले, "छान." ती म्हणाली, "कुठला रंग?" घड्याळजी वाकून कापड चाचपायला लागले. ती पोट धरून हसली, आणि त्याच दुपारी सुई-दोरा घेऊन बसली. त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या कॉलरच्या आत आणि प्रत्येक पँटच्या कमरेच्या आत तिने दोऱ्याच्या बारीक गाठी घातल्या. एक गाठ एका गाठीबरोबर घालायची, दोन दोनबरोबर, तीन तीनबरोबर. ज्याला गाठच नाही ते काळं किंवा पांढरं, ते कशावरही चालेल. कोट, मोजे, मफलर, सगळ्यांना हाच नियम. घड्याळजींची बोटं आयुष्यभर केसाएवढ्या स्प्रिंगा हाताळलेली. अंधारातसुद्धा त्यांना गाठी मोजता येत. बाजार ज्याला रंगाची जाण म्हणायचा ती या बाईची सुई होती.

"कुणाला सांगू नकोस," त्यांनी तेव्हा तिला म्हटलं होतं. "घड्याळवाल्याचे डोळे अधू आहेत म्हटल्यावर कोण मला घड्याळ देईल?" तिने नाही सांगितलं. उलट स्वतःचे कपडे स्वतः आणून लोकांना सांगायची, "ह्यांनी निवडले." झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त एक झालं. त्या दिवसापासून घड्याळजींनी बायकोच्या कपड्यांबद्दल एक अक्षर काढलं नाही, आणि तिनेही पुन्हा कधी विचारलं नाही. दुसऱ्या बायकांचे नवरे म्हणायचे, हा निळा तुला खुलतो, तो पिवळा नको. घड्याळजी अशा वेळी खिशातलं घड्याळ काढून किल्ली देत बसायचे. हे त्यांना आत कुठेतरी फार लागायचं.

तर सध्या बायको घरी नव्हती. मुलीचं बाळंतपण होतं, तिकडे लांब गेली होती. जाताना सुनेच्या हाती घराच्या किल्ल्या दिल्या, नवऱ्याला हळूच म्हणाली, "गाठी बघून घाला," आणि गाडीत बसली. तिला तरी काय ठाऊक, की मागे कपाटांची मोजणी निघणार आहे.

"कर की," घड्याळजी सुनेला म्हणाले. "माझ्या कपाटात लपवण्यासारखं काय असणार?" असं म्हणून ते दुकानात गेले. त्यांना स्वतःलाच गाठींचा विसर पडला होता. रोज पायात असलेल्या चपलेची कुणी आठवण काढतं का?

संध्याकाळी ते घरी आले तर कपाट ओळखू येईना. शर्ट एका बाजूला, पँटी दुसऱ्या बाजूला, लोकरीचं वरच्या फळीवर, आणि सगळं धुऊन इस्त्री केलेलं. पलंगावर तीन ढीग होते: ठेवायचे, द्यायचे, दुरुस्तीचे. सून हातात एक वाटी घेऊन उभी होती, आणि परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखा तिचा चेहरा फुलला होता.

"बाबा, तुम्हाला नवं फारसं काही नकोच आहे. एक जाड मफलर घेतला की झालं. पण तुमच्या शिंप्याला मात्र बोलायला हवं."

"का गं?"

"अहो, एकेका शर्टाच्या आत दोऱ्यांची सुटी टोकं. गाठी मारून तशीच सोडलेली. पँटींनासुद्धा. आमच्या कोठारात सुटा दोरा दिसला की माल बाजूला काढतो आम्ही. पेशंटच्या बोटात अडकतो, जखमेवर घासतो. मला तर ते बघवेना. सगळे कापून टाकले." तिने वाटी पुढे केली. वाटीत रंगीबेरंगी दोऱ्यांचा छोटासा गुंता होता. "एकही ठेवला नाही बघा."

घड्याळजींनी जवळच्या शर्टाच्या कॉलरमध्ये बोट घातलं. कापड गुळगुळीत होतं. दुसऱ्यात घातलं. तेही गुळगुळीत. इतक्या वर्षांचा संसार त्या वाटीत बसला होता, आणि वाटी भरलीही नव्हती.

सून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. घरात येऊन तिला जेमतेम वर्ष होत आलं होतं. सासूच्या माघारी घर नीट राखायचं म्हणून पोर सुट्टीच्या दिवशी दमून भागून हे सगळं करत बसली होती. तिला काय म्हणणार?

"वा," घड्याळजी म्हणाले. "छान केलंस."

"आईंच्या कपाटाला मी हात लावला नाही हं," ती म्हणाली. "ते त्या आल्यावर, त्यांना विचारून."

पहिला दिवस निभावला. पांढरा शर्ट, काळी पँट. पण पांढरा शर्ट आणि काळी पँट त्यांच्याकडे एकेकच होती आणि दोन्ही संध्याकाळी धुवायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळजी कपाटापुढे उभे राहिले, आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. कापडाच्या पोतावरून ओळखावं म्हटलं, तर बायकोला एक कापड आवडलं की त्याच्याच चार रंगांत पँटी शिवायची सवय. इस्त्रीवाल्याच्या खुणा बघाव्यात, तर आता इस्त्री घरीच झालेली. मुलाला विचारावं, तर तो म्हणेल, डोळ्यांना काय झालं? शेवटी त्यांनी मनाचा हिय्या करून एक शर्ट आणि एक पँट ओढली, कोट चढवला आणि बाहेर आले.

सून चहा ओतत होती. तिने वर बघितलं. कपातला चहा बशीत सांडला.

"काय गं?"

"काही नाही, बाबा," ती म्हणाली आणि फडकं आणायला आत गेली.

शर्ट जांभळा होता. पँट हिरवी. कोट विटकरी. घड्याळजींना मात्र आपण निळ्यावर तपकिरी, शांत आणि झकास जमवलंय असं वाटत होतं.

बाजारात चष्मेवाला दुकानाचं शटर वर करत होता. तो तसाच अर्ध्यावर थांबला. चष्मा काढून पुसला, परत लावला. "काय रे, हे काय नवीन?"

"थंडीचं," घड्याळजी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"असं चालतंय यंदा?"

"चालवलं की चालतं."

चष्मेवाल्याने हे वाक्य मनात साठवून ठेवलं. दोनेक दिवसांत तो जांभळा शर्ट आणि हिरवी पँट घालून दुकानात हजर झाला, वर एक लालभडक टोपी. त्याची बायको म्हणे त्याच्याबरोबर रस्त्याने चालायला तयार नव्हती, ती पलीकडच्या फुटपाथने आली. घड्याळजींना यातलं अर्धंच कळलं. मित्र आज फारच खुशीत आहे एवढं त्यांना दिसलं.

पण घरातली खुशी मावळत चालली होती. सून गप्प गप्प राहू लागली. घड्याळजी कपडे करून बाहेर आले की ती एकदा बघायची आणि नजर खाली वळवायची. जेवताना "भाजी आवडली का, बाबा" एवढं विचारताना तिचा आवाज एवढासा व्हायचा. घड्याळजींना वाटलं, कामाचा ताण असेल.

मग एका संध्याकाळी ते दारातून आत शिरले तर सून त्यांच्या बायकोशी फोनवर बोलत होती. पाठमोरी होती, त्यांची चाहूल तिला लागली नाही.

"आई, बाबा माझ्यावर रागावलेत का हो?" ती म्हणत होती. "मी त्यांचं कपाट आवरलं ना, तेव्हापासून. तोंडाने काही बोलत नाहीत, पण मुद्दाम वाट्टेल तसे कपडे घालून जातात. काल एक मोजा तांबडा, एक हिरवा. ते एरवी किती टापटीप! मला दाखवायलाच करतात ना हे? मी काय चुकले? ढीग लावले, इस्त्री केली, ते आतले सुटे दोरे सगळे कापून टाकले—"

पलीकडे शांतता झाली असावी, कारण सून दोनदा "आई, ऐकताय ना?" म्हणाली. मग तिने मागे वळून बघितलं, घड्याळजींना पाहून दचकली, आणि फोन त्यांच्या हातात देऊन स्वयंपाकघरात निघून गेली.

घड्याळजी फोन घेऊन गॅलरीत गेले. "कापल्या तिने," ते हळूच म्हणाले.

"ऐकलं मी." बायकोचा आवाज हसू दाबल्यासारखा येत होता. मागे तान्हं बाळ रडत होतं. "जांभळ्यावर हिरवं?"

"असेल. मला काय माहीत?"

आता मात्र ती खळखळून हसली. मग थांबली. "तिला मी काही सांगितलेलं नाही. गुपित तुमचं आहे, तुम्हीच सांगायचं. पण अहो, पोर तिकडे रडवेली झालीय. तिला वाटतंय तुम्ही तिच्यावर रुसलात."

"सांगितलं तर तिला आणखी वाईट वाटेल. केवढ्या हौसेने केलं तिने."

"आणि तुमची अब्रू जाईल, तेही आहेच ना त्यात?"

इतकी वर्षं बरोबर राहिलेल्या माणसापुढे ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नसतो.

"बोटांनी खूप भागवलंत," बायको म्हणाली. "आता जरा तोंडाने भागवा." आणि बाळ फारच रडायला लागलं म्हणून तिने फोन ठेवला.

सांगायचं ठरलं, पण तोंड उघडेना. सकाळी सांगू म्हणता दुपार होई, दुपारी दुकान. असं करता करता खरेदीचा रविवार उजाडला. मुलाला कुठल्याशा इमारतीत लिफ्ट बंद पडल्याचं बोलावणं आलं, त्यामुळे सासरे आणि सून दोघेच निघाले. घड्याळजींचा मफलर घ्यायचा होता, आणि सुनेने आणखी एक गोष्ट ठरवली होती.

"आई पुढच्या आठवड्यात येतायत. त्यांचा स्वेटर कोपरांवर विरलाय, जाताना मी बघितलं. त्यांच्यासाठी एक घेऊया," लोकरीच्या दुकानात शिरता शिरता ती म्हणाली. "रंग तुम्ही निवडा, बाबा. त्यांचं सगळं तुम्हीच आणता ना नेहमी." आणि मग जरा चाचरत, "म्हणजे माझ्याकडून परत काही चुकायला नको."

विक्रेती मुलगी तत्पर होती. तिने काउंटरवर स्वेटरांचा डोंगर उभा केला. घड्याळजींनी डोळे मिटले आणि एकेकावरून बोटं फिरवू लागले. हा खरखरीत. हा बरा, पण विरळ. हा जाड आहे, तिला मानेला टोचेल. मग त्यांचा हात एकावर थांबला. लोकर इतकी मऊ की बोट रुतलं, आणि वीण इतकी सारखी की घड्याळाच्या चाकाचे दातेच.

"हा," ते म्हणाले.

"हा फार छान," विक्रेती म्हणाली. "यात दोन रंग आहेत." तिने दुसरा काढून पहिल्याशेजारी ठेवला. "कुठला देऊ?"

घड्याळजींनी डोळे उघडले. समोर दोन स्वेटर होते, सारखे. त्यांनी या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. डोळ्याला भिंग लावायची सवय म्हणून हात खिशाकडेही गेला. आजवर बायकोसाठी त्यांनी रुमालसुद्धा निवडला नव्हता. तिने सगळ्या जगाला सांगितलं होतं की हेच निवडतात, आणि आज खरंच निवडायची वेळ आली तर हात रिकामे. कुठलाही एक उचलावा आणि मोकळं व्हावं, असं एकदा त्यांच्या मनात आलं. हिरव्या पट्ट्याच्या वेळी असंच केलं होतं. पण तेव्हा ते तरुण होते, आणि आता शेजारी उभी असलेली पोर श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"सूनबाई," ते म्हणाले, "मला यातला फरक दिसत नाही."

"दोन्ही आवडले?"

"नाही गं. मला रंग दिसत नाहीत. लहानपणापासून. लाल-हिरव्यातलं मला काही म्हणजे काही कळत नाही." एकदा तोंड उघडलं तसं पुढचं आपोआप आलं. "तुझ्या सासूने माझ्या कपड्यांना खुणा करून ठेवल्या होत्या. एकाबरोबर एक, दोनाबरोबर दोन. त्या चाचपून मी कपडे घालायचो."

सुनेचा चेहरा आधी कोरा राहिला. मग हळूहळू तिच्या ध्यानात येऊ लागलं. "म्हणजे ते दोरे..."

"हं."

"मी सगळे कापले." ती शेजारच्या स्टुलावर मटकन बसली. "वेचून वेचून कापले. एक पँटच्या शिवणीत गेला होता तोसुद्धा चिमट्याने काढला."

"कामात तू चोख आहेस, त्यात वाद नाही," घड्याळजी म्हणाले.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तरी तिला हसू फुटलं. "आणि मला वाटलं तुम्ही माझ्यावर डूख धरून तो जांभळा शर्ट घालता."

"जांभळा होता होय तो? जावईबापूंनी दिलेला. मी निळा समजत होतो." घड्याळजींनाही हसू आलं. "अगं, तुझ्यावर रागावलो असतो तर सरळ बोललो असतो. चूक माझी आहे. तू मोजणी करणार म्हणालीस तेव्हाच सांगायला हवं होतं. आपल्याच माणसांपासून लपवून ठेवलं, मग कुणी कापलं तर त्याचा काय दोष?"

विक्रेती दोन्ही हातांत दोन स्वेटर धरून उभी होती. तिला यात काय विकलं जाणार आहे याचा अंदाज येत नव्हता.

"बरं, आता मला एक सांग," घड्याळजी सुनेला म्हणाले. "तुझ्या सासूला कुठला रंग शोभतो?"

सून डोळे पुसत त्यांच्याकडे बघत राहिली. "तुम्हाला माहीत नाही?"

"मला कोण सांगणार? तिलाच कसं विचारू?"

"डाळिंबी," सून म्हणाली. "कुठे जायचं असलं की आई डाळिंबीच घालतात. त्यांचे केस पांढरे ना, आणि वर्ण उजळ. तो रंग घातला की त्यांच्या गालावर त्याची झाक येते. आमच्या लग्नात त्या डाळिंबी घालून दारात उभ्या होत्या. माझी मावशी म्हणाली, नवरी राहू दे बाजूला, नवऱ्यामुलाच्या आईकडेच सगळे बघतायत."

घड्याळजी ऐकत होते. त्या लग्नात ते बायकोच्या शेजारीच उभे होते. सगळे तिच्याकडे का बघतात हे त्यांना तेव्हा कळलं नव्हतं. आपल्या कोटाचं बटण उघडं असेल म्हणून त्यांनी दोनदा चाचपून पाहिलं होतं. त्यांना एकाएकी फार भरून आलं.

"यात डाळिंबी आहे?" त्यांनी विचारलं.

सुनेने उजव्या हातातला स्वेटर विक्रेतीकडून घेतला. "हाच."

परत येताना तिने मफलराबरोबर जाड दोऱ्याची दोन रिळं घेतली. घरी पोचताच कपाट पुन्हा पलंगावर आलं. कोठारवालीच ती, तिने आधी एक नवी पद्धत सुचवली: शर्टाला उभे टाके, पँटला आडवे, उन्हाळी कपड्यांना फुली, लोकरीला दुहेरी फुली, गडद-फिक्यासाठी वेगळा ठिपका. घड्याळजी शांतपणे ऐकून म्हणाले, "पोरी, मला कपडे घालायचेत, परीक्षेला नाही बसायचं." मग जुनाच नियम कायम झाला. ती रंग बघून गाठ घालायची आणि ते बोटाने तपासायचे. तिच्या गाठी बायकोच्या गाठींपेक्षा घट्ट होत्या. रुग्णालयाच्या गाठी त्या, उकळत्या पाण्यातही सुटायच्या नाहीत.

मुलगा लिफ्टमधून चौघांना सोडवून आला तर सासरे आणि सून पँटींच्या ढिगात बसलेले. त्याला सगळं सांगितल्यावर तो ढीग सरकवून पलंगावर बसला. मग म्हणाला, "बाबा, मी लहानपणी हिरवी सायकल मागितली होती. तुम्ही लाल आणलीत, आणि मी रडायला लागलो तर मलाच दटावलंत, की हीच हिरवी."

"बरोबर," घड्याळजी म्हणाले.

"मी दुसरीपर्यंत लालला हिरवा म्हणत होतो. बाईंनी चिठ्ठी पाठवली होती घरी."

"ती तुझ्या आईने फाडली," घड्याळजी म्हणाले, आणि तिघेही पोट दुखेपर्यंत हसले.

चष्मेवाल्याला त्यांनी दुसऱ्याच दिवशी दुकानात सांगितलं. आवाज मुद्दाम खाली आणला नाही. चष्मेवाल्याने आधी स्वतःच्या हिरव्या पँटकडे पाहिलं. "म्हणजे ही पँट..."

"तुझी तू घातलीस."

"काखेत कळसा नि गावाला वळसा," चष्मेवाला कपाळाला हात लावून म्हणाला. "माझ्या शेजारी बसून, माझ्याकडून वाचायचा चष्मा करून घेऊन..." काउंटरवर एक गिऱ्हाईक उभं होतं, त्याने सगळं ऐकलं होतं. घड्याळजींनी त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्याची धास्ती घेतली ती घडी आता आली होती.

"माझं घड्याळ कधी मिळेल?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"गुरुवारी," घड्याळजी म्हणाले. गिऱ्हाईक बरं म्हणून निघून गेलं. एवढ्यासाठी आपण जन्मभर जीव मुठीत धरला होता, याचं घड्याळजींना हसावं की रडावं कळेना.

बायको परत आली ती दमलेली आणि गप्पांनी भरलेली. नात कुणासारखी दिसते, किती रडते, आजीच्याच मांडीवर कशी झोपते, हे सगळं सांगून होईपर्यंत चहा दोनदा झाला. मग सुनेने स्वेटर आणून तिच्या मांडीवर ठेवला. "बाबांनी निवडलाय."

"हो का," बायको म्हणाली. ती सुनेकडे बघून हसली, नवऱ्याकडे बघितलं नाही. इतक्या वर्षांची सवय. खोटं सांभाळून घेताना ती त्यांच्याकडे बघत नसे. उठून तिने स्वेटर अंगात घातला आणि आरशापुढे गेली.

घड्याळजी तिच्या मागे जाऊन उभे राहिले. स्वेटरची कॉलर एका बाजूने दुमडली होती. ती सरळ करायला त्यांनी हात घातला, आणि आतल्या बाजूला बोटाला गाठी लागल्या. एक, दोन, तीन, चार. त्यांच्या कपड्यांना तीनच्या वर गाठी नव्हत्या. चौथी सुनेने फक्त या एका रंगासाठी ठेवली होती.

"डाळिंबी तुला फार शोभतो," ते म्हणाले. "गालावर त्याची झाक येते."

बायको आरशात बघतच राहिली. तिचा हात आपोआप मानेमागे गेला, त्यांच्या बोटांजवळ, आणि तिला त्या गाठी सापडल्या. तिने त्या एकेक करून मोजल्या. तिच्या ओळखीच्या नव्हत्या त्या, जरा जास्तच घट्ट होत्या. तिने मागे वळून सुनेकडे पाहिलं. सून दाराला टेकून उभी होती आणि खाली बघत होती.

मग बायकोने डोळे टिपले, सरळ आपल्या कपाटाकडे गेली, दोन्ही दारं उघडली आणि आतले कपडे कवेत धरून पलंगावर टाकायला लागली.

"आई, आत्ता? दमला असाल तुम्ही," सून म्हणाली.

"आधी मोजणी, मग मागणी, असं म्हणतेस ना तू?" बायको म्हणाली. "मग सुई आण. एकही कपडा गाठीशिवाय राहता कामा नये. आणि अहो, तुम्ही बसा इथे. उद्यापासून रोज विचारणार आहे मी, मला कसा दिसतो हा रंग."